अंड्याऐवजी काय: दही, जवस, चण्याचं पाणी की आणखी काही?

एका अंड्याला एक मोठा चमचा जवसाची पूड आणि तीन मोठे चमचे पाणी, हे प्रमाण आता बहुतेकांना पाठ झालं आहे. कुकीजसाठी ते उत्तमच आहे. पण तेच मिश्रण मेरँगसाठी, म्हणजे अंड्याचा पांढरा भाग आणि साखर फेटून भट्टीत वाळवलेल्या हलक्या मिठाईसाठी, फेटायला घेतलं, तर कितीही फेटा, भांड्यात चिकट बुळबुळीत पाणीच राहणार. जवसात खोट काही नाही, मेरँगमध्ये अंडं जे काम करतं ते त्याला येत नाही, एवढंच. म्हणून ‘सगळ्यांत चांगला पर्याय कोणता’ या प्रश्नाला माझ्याकडे एक उत्तर नाही. पदार्थ कोणता, त्यात अंडी किती आणि ती तिथे काय करतात, हे आधी बघायचं आणि मग सामान काढायचं.

कवच काढलेलं एक मोठं अंडं साधारण 50 ग्रॅम भरतं. त्यातलं तीन चतुर्थांश पाणी, सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि पाचेक ग्रॅम स्निग्धांश. ही प्रथिनं फेटली की हवा धरून ठेवतात आणि तापली की घट्ट होतात: पांढरा भाग साधारण 62 अंश सेल्सिअसपासून आळायला लागतो, बलक 65 ते 70 अंशांच्या दरम्यान. बलकातलं लेसिथिन तेल आणि पाणी फुटू देत नाही. शिवाय ओलावा, रंग, चव आहेतच. इतकी कामं अंडं एकट्याने करतं. पर्यायांपैकी प्रत्येकाला त्यातली एखाददुसरीच जमतात.

अंडं का नको, हेही स्वतःशी स्पष्ट असू द्या. दूध चालत असेल तर दही आणि कंडेन्स्ड मिल्क हे फार भरवशाचे मार्ग खुले राहतात. व्हीगन स्वयंपाक असेल तर ते बाद. आणि घरात कुणाला अंड्याची अॅलर्जी असेल तर चवीआधी पाकिटावरची घटकांची यादी महत्त्वाची. त्याबद्दल पुढे सांगते.

केक: इथे दही जिंकतं

एक किंवा दोन अंडी लागणाऱ्या साध्या केकमध्ये दह्याला तोड नाही, असं माझं ठाम मत आहे. एका अंड्याला पाव कप म्हणजे सुमारे 60 ग्रॅम दही. दह्यातल्या आम्लाची सोड्याशी गाठ पडली की वायू तयार होतो आणि केक फुगतो. त्यातली दुधाची प्रथिनं थोडी बांधणी करतात, वरचा रंगही चांगला आणतात. अर्धा कप दह्याला पाव छोटा चमचा खायचा सोडा पुरतो, जास्त नको. एक गोष्ट मात्र पाककृतींमध्ये सहसा लिहिलेली नसते: 60 ग्रॅम दह्यातून जवळजवळ 50 ग्रॅम पाणी येतं, अंड्यातून 38 च्या आसपास. दोन अंडी बदलली की पिठात दीड-दोन मोठे चमचे पाणी जास्त झालं. तेवढं दूध कमी करा किंवा दही थोडं निथळून घ्या. केक मधोमध गिच्च राहण्यामागे बरेचदा हेच कारण असतं.

व्हिनेगर आणि सोडा ही जोडी व्हीगन केकला हलकेपणा देते, आणि कोकोच्या केकमध्ये तर सुरेख बसते. पण ‘एका अंड्याला एक मोठा चमचा व्हिनेगर आणि एक छोटा चमचा सोडा’ हे जे प्रमाण जागोजागी छापलेलं दिसतं, ते जरा तपासून बघा. पाच टक्के आम्लाचं एक मोठा चमचा व्हिनेगर साधारण एक ग्रॅम सोडाच संपवू शकतं, म्हणजे जेमतेम पाव छोटा चमचा. उरलेला पाऊण चमचा सोडा केकमध्ये तसाच राहतो आणि साबणासारखी, तुरट चव देतो. मिश्रणात ताक, गूळ, साधा कोको असं दुसरं काही आम्लधर्मी नसेल, तर एका मोठ्या चमच्याला पाव छोटा चमचा सोडाच घ्या. या जोडीत बांधणारं काहीच नाही, हेही लक्षात असू द्या. केक फुगेल, पण कापताना भुसभुशीत होईल. सोबत सोयादूध वापरलं तर बरंच सावरतं.

पिकलेलं केळं कुस्करून पाव कप घ्यावं, हा सल्ला सगळ्यांत लोकप्रिय आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त डोक्यावर घेतलेला. ओलावा आणि गोडवा भरपूर मिळतो, पण फुगवण्याची ताकद शून्य. केक जड होतो. आणि व्हॅनिला घाला नाहीतर संत्र्याची साल, चव केळ्याचीच येते. केळ्याचाच केक करायचा असेल तर जरूर वापरा. केळ्याची चव नको असेल तर सफरचंदाचा उकडून केलेला गर बरा, तो चवीला मवाळ असतो. दोन्हींबरोबर अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर जास्तीची घालावी लागते.

कंडेन्स्ड मिल्क हे एका अंड्याच्या जागी मोजून घालायचं जिन्नस नाही. त्यात साखर मुबलक असते, त्यामुळे अख्खी कृतीच त्याच्याभोवती बांधलेली हवी. अशी तयार कृती हाती असेल तर केक मऊ, बारीक जाळीचा आणि कापायला सुबक होतो. वाढदिवसाला क्रीम लावून थर रचायचे असतील तर मी दह्याच्या केकपेक्षाही याला पसंती देईन.

जवस केकमध्ये एका अंड्यापुरतं चालतं. दोन-तीन अंड्यांइतकं घातलं की केक चिकट लागतो. त्यातला बुळबुळीत पदार्थ पाणी धरून ठेवतो, पण अंड्याच्या प्रथिनांसारखा तापून घट्ट होत नाही.

पर्याय कोणताही असो, बिनअंड्याच्या केकला थोडी वेगळी वागणूक लागते. पीठ जेमतेम एकजीव होईल इतकंच ढवळायचं, नाहीतर मैद्यातलं ग्लुटेन चिवटपणा आणतं. सोडा घातल्यावर मिश्रण थांबवून ठेवायचं नाही, लगेच भट्टीत. उंच भांड्यापेक्षा पसरट भांडं बरं, कारण मधला भाग उचलून धरायला अंड्याची चौकट नसते. वरचा रंग फिकट राहू शकतो, म्हणून रंगावर न जाता सुरी खुपसून बघा. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका. ही शेवटची गोष्ट पाळायला अवघड आहे, पण निम्मे केक तिथेच मोडतात.

कुकीज, ब्राउनी, मफिन

इथे जवस बिनधास्त वापरा. या पदार्थांत अंड्याचं काम मुख्यतः बांधणीचं आणि ओलाव्याचं. पूड ताजी आणि बारीक हवी. पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवली की ती अंड्याच्या पांढऱ्या भागासारखी सैलसर चिकट होते. अख्खं जवस भिजवलं तर एवढी बांधणी मिळत नाही. दळलेलं जवस लवकर खवट होतं, म्हणून थोडंच दळा आणि फ्रिजमध्ये ठेवा. चिया त्याच प्रमाणात, चवीला सौम्य आणि थोडी जास्त घट्ट. फक्त पांढऱ्या कुकीत काळे ठिपके दिसतात. ब्राउनीत दोन्ही लपून जातात. दाट, ओलसर ब्राउनी हवी असेल तर पाव कप मऊ टोफू (सोयादुधाचं पनीर) मिक्सरमधून गुळगुळीत करून घाला.

ग्लुटेनविरहित पिठांचा पाव करायचा असेल तर जवसापेक्षा इसबगोल सरस. अशा पावात अंडं आणि ग्लुटेन दोन्ही नसतात, आणि इसबगोलाचा जेल पिठाला ताण देतो.

फेस: चण्याच्या पाण्याला पर्याय नाही

काबुली चणे शिजवलेलं पाणी आपण ओतून देत आलो. ते फेटलं की अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा फेस धरतं, हे 2014 मध्ये जोएल रोसेल या फ्रेंच गायकाने दाखवलं. पुढच्याच वर्षी गूस वोल्ट या अमेरिकी सॉफ्टवेअर अभियंत्याने फक्त ते पाणी आणि साखर यांच्यावर मेरँग करून दाखवलं आणि त्याला अॅक्वाफाबा हे नाव दिलं. मला या शोधाचं फार कौतुक वाटतं. घरच्या ओट्यावर, कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय, मिठाईच्या अख्ख्या एका घराण्याचं दार अंडं न खाणाऱ्यांना उघडलं.

प्रमाण सोपं आहे: एका पांढऱ्या भागाला दोन मोठे चमचे, अख्ख्या अंड्याला तीन. डब्यातल्या चण्यांचं पाणी योग्य दाटीचं असतं, पण बिनमिठाचं निवडा. घरी शिजवलेल्या चण्यांचं पाणी पातळ असतं. ते आटवून, फ्रिजमध्ये गार केल्यावर जेलीसारखं थरथरेल इतकं दाट करा. भांड्याला तेलाचा अंशही नको. चिमूटभर क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमध्ये वापरतात ती आम्लधर्मी पूड) घातलं तर फेस टिकतो. अंड्याचा पांढरा भाग जास्त फेटला की रवाळ होऊन फुटतो, ही भीती इथे जवळजवळ नाही, त्यामुळे नवख्या हातांना हे उलट सोपं जातं. साखरेबरोबर भाजल्यावर चण्याचा वास उरत नाही.

मर्यादा एकच, पण मोठी. हा फेस उष्णतेने आळत नाही. मेरँग जमतं ते 100 अंशांच्या आसपास दीड-दोन तास वाळवल्यामुळे, आणि दमट हवेत ते लवकर मऊ पडतं. चॉकलेट मूसमध्येही हा फेस छान बसतो, कारण तिथे भाजायचं काही नसतं आणि घट्टपणा चॉकलेट देतं. मात्र निव्वळ अंड्याच्या फेसावर उभ्या असलेल्या स्पंज केकमध्ये चण्याचं पाणी घातलं, तर भट्टीत फुगलेला केक बाहेर काढल्यावर खाली बसतो.

कस्टर्ड

या बाबतीत बिनअंड्याची वाट जुनी आणि पक्की आहे. अल्फ्रेड बर्ड या इंग्लिश माणसाने 1837 मध्ये कॉर्नफ्लोअरचं कस्टर्ड तयार केलं ते त्याच्या पत्नीला अंडी सोसत नसत म्हणून. आज घरोघरी मिळणारी कस्टर्ड पावडर त्याच कल्पनेवर चालते.

दोन्ही कस्टर्डची रीत मात्र नेमकी उलटी आहे. अंड्याचं कस्टर्ड उकळू द्यायचं नाही, 85 अंशांच्या पुढे गेलं की फुटतं. कॉर्नफ्लोअरचं कस्टर्ड उकळलंच पाहिजे. बुडबुडे आल्यावर मिनिटभर ढवळत शिजवलं नाही तर ते कच्चं, पिठूळ लागतं. एक कप दुधाला एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर घेतलं तर ओतता येईल असं होतं, दोन चमच्यांनी चांगलं घट्ट. बलकाचा स्निग्धपणा हवा असेल तर उतरवल्यावर लोण्याचा तुकडा किंवा क्रीम घाला. दुधाच्या पदार्थात आरारूट नको, त्याने बुळबुळीतपणा येतो. साच्यातून उलटं काढायचं पुडिंग असेल तर कॉर्नफ्लोअरबरोबर थोडं अगर-अगर (समुद्री शेवाळापासून केलेला, घट्ट करणारा पदार्थ) उकळून घ्या. नुसत्या अगरचं पुडिंग तोंडात विरघळत नाही, त्याचे तुकडे पडतात.

ऑम्लेट आणि भुर्जी

ऑम्लेटला बेसन, भुर्जीला टोफू. बेसनाचा घोळ दहा-पंधरा मिनिटं भिजू द्यावा आणि मंद आचेवर झाकून आतपर्यंत शिजवावा, कारण कच्च्या बेसनाची चव सगळं बिघडवते. टोफू हाताने कुस्करून, चिमूटभर हळद घालून परता आणि काळं मीठ अगदी शेवटी भुरभुरा. अंड्याचा तो ओळखीचा गंधकाचा वास त्यातून येतो आणि जास्त तापवलं की उडून जातो. अंडं प्रथिनांसाठी खाल्लं जात असेल तर इथेही टोफूच उजवा. केळं, जवस यांच्याकडून तशी अपेक्षा नको: अर्ध्या केळ्यात एक ग्रॅमही प्रथिनं नसतात. अंड्यातलं बी-12 तर यातल्या कुठल्याच वनस्पतिजन्य पर्यायातून आपोआप मिळत नाही, फक्त वरून घातलेल्या उत्पादनांतून मिळतं.

किरकोळ कामं

कटलेट बांधायला उकडलेला बटाटा किंवा भिजवून पिळलेला पाव पुरतो. ब्रेडक्रम्ब चिकटवायला कॉर्नफ्लोअर आणि मैद्याची पातळ पेस्ट. पावावर चमक हवी तर दूध किंवा क्रीमचा हात फिरवा. व्हीगनसाठी सोयादुधात थोडी साखर. अंड्याइतकी झळाळी येत नाही, पण रंग छान येतो.

मेयोनीजसाठी एक भाग सोयादूध, दोन भाग तेल, थोडी मोहरीची पूड आणि लिंबू, हँड ब्लेंडरने. सोयाबीनमधली प्रथिनं आणि लेसिथिन तेल बांधून ठेवतात. दूध चालत असेल तर गाईचं गार दूधही तेवढंच काम करतं. कच्च्या अंड्याचा धोकाही टळतो. बिनअंड्याचं केकचं पीठ मात्र कच्चं चाटायला सुरक्षित समजू नका, कच्च्या मैद्यातही जंतू असू शकतात.

तयार पावडरी

बहुतेकांमध्ये स्टार्च आणि फुगवणारं काहीतरी असतं. मफिन, कुकीज, साधा केक यांना त्या सोयीच्या आहेत, टिकतात आणि चव बदलत नाहीत. फेस किंवा ऑम्लेट त्यांच्याकडून होत नाही. ऑम्लेटसाठी मुगाच्या प्रथिनांपासून केलेले द्रव पर्याय वेगळे मिळतात. अॅलर्जी असलेल्यांनी इथे डोळ्यांत तेल घालून वाचावं. ‘अंड्याला पर्याय’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही उत्पादनांत बलक काढून टाकलेला असतो, पण पांढरा भाग असतो. अल्ब्युमिन, ओव्हाल्ब्युमिन, लायसोझाइम ही पांढऱ्या भागातल्या प्रथिनांची नावं दिसली की ते पाकीट परत ठेवा. सोया किंवा दुधाचीही अॅलर्जी असेल तर जवस आणि स्टार्च यांच्यापासून सुरुवात करा.

राहता राहिला प्रश्न तीन आणि त्याहून जास्त अंड्यांच्या कृतींचा. तिथे पर्याय शोधत बसू नका, मुळातच बिनअंड्याची म्हणून लिहिलेली कृती घ्या. तिचं सगळं माप वेगळं असतं. सुफ्ले, एंजल फूड केक आणि एक्लेअरचं शू पीठ यांच्या वाटेला तर घरच्या सामानावर जाऊच नये. त्यात उभं राहणं, फुगणं आणि आळणं ही तिन्ही कामं अंडंच करतं, आणि एका पर्यायाने तिन्ही साधत नाहीत. त्याऐवजी एक्लेअरमध्ये भरायचं क्रीम बिनअंड्याच्या खुसखुशीत टार्टमध्ये भरा.