जुनी खराद मशीन घेताना ३२ हजार गेले, घेणाऱ्यांनी पूर्ण वाचा

थोडं मोठं झालंय पण पूर्ण वाचा, खास करून ज्यांना घरी लाकडाचं काम सुरू करायचंय आणि जुना लेथ (खराद, म्हणजे लाकूड फिरवून गोल करायची मशीन) शोधणं चालू आहे त्यांनी. माझे ३२ हजार गेले, गाडीभाडं वेगळं. पैशाचं दुःख आहेच, पण त्या मशीनीपायी माझ्या पोरीच्या डोक्यात लाकूड बसलं असतं, म्हणून लिहून राहिलो.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात. बाबा वाढईकाम करायचे, बंड्या, वखर, डवरे, तिफणी सगळं. बाबा गेले तेव्हापासून त्यांचं वाकस (लाकूड तासायचं हत्यार), पटाश्या, रंधे मी तेल लावून ठेवलेत. मी कपाशी-तूरवाला माणूस, पण रिकामा वेळ मिळाला की लाकडात हात घालतो. गुरं विकल्यावर कोठा रिकामाच पडला होता, तिथं टेबल टाकलं, बोर्ड बसवला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, पोट्टे लाकडी नंदी घेऊन फिरतात, त्या नंदीला चाकं लागतात आणि चाक खरादावर जसं गोल निघतं तसं वाकसानं निघत नाही. शिवाय लाटणं, रवी, पलंगाचे पाय याला गावात मागणी आहे. म्हणून दोन वर्षं पैसे जमवून राहिलो होतो.

मोबाईलवर जुन्या सामानाच्या जाहिराती पाहता पाहता एक मशीन दिसली. हिरवा चमकदार रंग, बिडाचा (ओतीव लोखंडाचा) बेड म्हणजे खालचा पाया, दोन सेंटरच्या (लाकूड दोन्हीकडून धरणाऱ्या टोकांच्या) मध्ये ३ फूट लाकूड बसेल एवढी लांबी, मोटर १ एचपी सिंगल फेज, चार स्पीड. भाव ३८ हजार. फोन केला तर समोरचा माणूस इतका गोड बोलला की मला वाटलं आपलाच कोणी पाव्हणा आहे. "दादा, माह्या बाबाची निशानी आहे हे, इकाचं जिवावर येते, पन घरात कोनी चालवनारं नाही." हे ऐकलं आणि माझे बाबाच डोळ्यासमोर आले. आता कळतं की हे वाक्य तो प्रत्येकालाच ऐकवत असणार, पण त्या दिवशी मी आतून हललो होतो आणि हललेल्या माणसाला मशीन नीट दिसत नाही.

मृगाचा पाऊस एक-दोनदा पडून गेला होता, पेरणीची घाई होती, त्यामुळे एकाच दिवसात जाऊन यायचं ठरवलं. आमची ही म्हणाली, "अहो, सोबत कोनाले तरी न्या, एकटे कायले जाता?" माझा साळा मोटरपंप दुरुस्त करतो, त्याला न्यायला पाहिजे होतं. तो त्या दिवशी वावरात होता म्हणून मी गावातल्याच पोट्ट्याचा छोटा हत्ती घेतला आणि निघालो. गाडी सोबत नेली ही पण चूकच, कारण भाड्याची गाडी दारात उभी असली की रिकाम्या हातानं परत येववत नाही, आणि विकणाऱ्यालाही ते दिसतं.

तिथं पोचलो तर टिनाच्या शेडमध्ये मशीन आधीच चालू. म्हणजे मी गाडीतून उतरायच्या आधीपासून घुंऽऽ आवाज येऊन राहिला होता. मला वाटलं वा, माणूस कामाचा आहे. तर असं नाही. सिंगल फेज मोटरचं खरं दुखणं सुरू होताना दिसतं, कपॅसिटर गेला असेल, आतला स्विच चिकटत असेल तर मोटर नुसती हुं करते आणि उठत नाही. एकदा फिरायला लागली की काहीच कळत नाही. तो एक तास मी तिथं होतो, त्यानं एकदाही मशीन बंद करून परत चालू केली नाही आणि मी म्हटलंही नाही की कर. तुम्ही गेलात तर पहिले मोटरवर तळहात ठेवा. गरम असेल तर चहा प्या, गप्पा मारा, थंड होऊ द्या, मग स्वतःच्या हातानं चार-पाच वेळा चालू-बंद करून बघा.

त्यानं चालवून दाखवलं ते पण सांगतो. मशीनीवर सावरीचा तुकडा आधीच गोल करून लावलेला होता. सावर म्हणजे किती नरम लाकूड, त्यात गोल झालेलं, त्यावर पटाशी नुसती टेकवली तरी लोण्यासारखी साल निघते. लांब लांब साल माझ्या हातावर पडली आणि मी खुश. त्याच्या जागी मी घरून बाभळीचा नाहीतर सागाचा चौकोनी ओबडधोबड तुकडा नेला असता आणि म्हटलं असतं की हा गोल करून दाखव, तर दोन मिनिटांत सगळं बाहेर आलं असतं. गोल नसलेलं लाकूड फिरताना मशीनीला धक्के देतं, त्या धक्क्यातच मशीन काय लायकीची आहे ते दिसतं.

टेलस्टॉक, म्हणजे लाकडाचं दुसरं टोक धरणारा सरकता भाग, त्यानं सावरीच्या तुकड्याला लावून ठेवलेला, तो काही काढला नाही. मी विचारलं दोन्ही सेंटर जुळतात का, तर म्हणे "दादा, फ्याक्टरीतून आल्यावानी जुळते." घरी आणून लाकूड काढलं, टेलस्टॉक सरकवत हेडस्टॉकपर्यंत (लाकूड फिरवणाऱ्या भागापर्यंत) नेला आणि दोन्ही टोकं समोरासमोर आणली तर एक सूत फरक, डोळ्यानं दिसत होता. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन टोकं नाकासमोर नाक येत नसतील तर मशीन घेऊ नका. हे बघायला अर्धा मिनिट लागतो आणि एकही हत्यार लागत नाही.

मग त्याला फोन आला. चंद्रपूरची पार्टी निघाली आहे, चार वाजेपर्यंत येते, ३८ द्यायला तयार आहे, असं तो माझ्यासमोर बोलला. मी ३० म्हटलं, त्यानं देवाची शपथ घेतली, ३२ वर तुटलं. २० हजार रोख दिले आणि १२ हजार मोबाईलवरून. पैसे पाठवताना स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव आलं, तो म्हणाला वहिनीचं खातं आहे. तिथंच थांबायला पाहिजे होतं. पावती मागितली तर वहीचं पान फाडून "मशीन मिळाली, पैसे मिळाले" लिहून दिलं. त्यावर त्याचं पूर्ण नाव नाही, पत्ता नाही, मशीनीचं काहीच वर्णन नाही.

घरी सहा माणसांनी उतरवली. दुसऱ्या दिवशी बटन दाबलं तर मोटर हुं करून बसली. हातानं पुली फिरवून दिली तेव्हा उठली. मला वाटलं आमच्या गावचं व्होल्टेज कमी असेल, तसं असतंही. असं करत चार-पाच दिवस नरम लाकडावर काम केलं. मग मी बाभळीचा चार इंचाचा तुकडा लावला, नंदीच्या चाकासाठी. सगळ्यात कमी स्पीडवर बेल्ट टाकला, टूल रेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) जवळ आणली, गॉज म्हणजे गोल धारेची पटाशी टेकवली. मशीन थरथरायला लागली. मला वाटलं लाकूड गोल झालं की थांबेल. माझी धाकटी, सात वर्षांची, कोठ्याच्या दारात चहा घेऊन आलेली मला दिसलीच नाही. एकदम कडक आवाज झाला, हेडस्टॉक वर उचलल्यासारखा हलला आणि लाकूड सेंटरमधून सुटून तिच्या डोक्यावरून टिनावर जाऊन आदळलं. टिनाला खळगा पडलाय, अजून आहे. पोरगी रडली नाही, नुसती उभी राहिली, कप हातातच. मी तिला उचलून बाहेर नेलं आणि बराच वेळ मला उभंच राहता येईना.

संध्याकाळी साळा आला. त्यानं काहीच न बोलता फुटक्या स्पीकरमधलं चुंबक आणलं आणि हेडस्टॉकवरून फिरवायला लागला. बिडावर चुंबक टक्कन चिकटतं. वरच्या बाजूला चिकटलं, बाजूला चिकटलं, पण जिथं हेडस्टॉकचा पाय बोल्टनं बेडला आवळलेला असतो तिथं चुंबक घसरून खाली पडलं. परत लावलं, परत पडलं. मग पटाशीच्या कोपऱ्यानं रंग खरवडला तर खालून गुलाबी पुट्टी निघाली, गाड्यांच्या पत्र्याला लावतात तीच. पुट्टी काढत गेलो तर खाली फुटलेलं बीड, आरपार, आणि त्यावर साध्या वेल्डिंग रॉडचे टाके मारलेले, तेही बाजूनं परत तडकलेले. बिडाला असं वेल्डिंग चालत नाही. आधी तापवून, निकेलचा रॉड वापरून, हळूहळू थंड करावं लागतं, नाहीतर टाक्याच्या बाजूलाच नवी चीर जाते. ज्यानं वरून पुट्टी भरून हिरवा रंग मारला त्याला ही चीर माहीत होती. नजरचूक असती तर मी एवढा संतापलो नसतो, पण फुटलेला भाग त्यानं हातानं झाकला आणि ती मशीन दुसऱ्याच्या घरात पाठवली.

मोटर तालुक्याला वाइंडिंगवाल्याकडे नेली. त्यानं उघडली, तारेचं एक टोक ब्लेडनं खरवडलं आणि मला दाखवलं. वरून तांबूस दिसणारी तार, लाख निघाली तशी आतून पांढरी. "भाऊ, याच्यात तांबं नाही, अल्युमिनियम भरलं आहे. आन् हे बॉडी अर्ध्या एचपीची आहे, पाटी दुसऱ्या मोटरची काढून ठोकली." पाटीचे रिबीट बघा म्हणाला. सगळी मोटर जुनी आणि रिबीट चकचकीत नवे. हे तर मला शेडमध्येच दिसायला पाहिजे होतं.

बेरिंगमध्ये ग्रीस ठासून भरलेलं होतं म्हणून आवाज येत नव्हता. बेल्ट काढून स्पिंडल (हेडस्टॉकमधला फिरणारा दांडा) हातात धरून वर-खाली हलवलं की कटकट लागते, ग्रीसनं आवाज दबतो पण ढिलेपणा हाताला कळतोच. म्हणून बेल्ट काढून बघाच, विकणारा नाही म्हणाला तर समजून जा.

अजून एक सांगतो, माझ्या बाबतीत झालं नाही पण आमच्या पाव्हण्याच्या बाबतीत झालं. स्वस्त म्हणून थ्री फेजची मशीन घेतली आणि घरी सिंगल फेज. आपल्या खेड्यात थ्री फेज येते ती वावरातल्या मोटरपंपाला, तीही तिच्या टायमानं. घरी चालवायची तर व्हीएफडी (सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवायचं यंत्र) घ्या नाहीतर मोटर बदला, दोन्हीला पैसे लागतात. भाव करायच्या आधी हा खर्च धरा.

त्या माणसाला फोन केला. पहिल्या वेळी म्हणे तुम्हीच आपटली असेल गाडीतून उतरवताना. दुसऱ्या वेळी शिव्या दिल्या. नंतर नंबर बंद. शेडवर गेलो तर ते भाड्याचं, मालक म्हणे महिनाभरासाठीच घेतलं होतं. बँकेत गेलो, ते म्हणाले तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत, आम्ही कसे परत आणू. पोलिसात लेखी अर्ज दिला. आधी जे चारसोबीस म्हणायचे ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे, मी अर्जात तसंच लिहिलं, मोबाईलवरच्या पेमेंटची प्रिंट, जाहिरातीचे फोटो, पुट्टी काढलेल्या जागेचे फोटो जोडले आणि अर्जाच्या प्रतीवर पोचशिक्का मारून घेतला. त्या १२ हजाराचा तरी माग आहे, २० हजार रोखीचा काहीच पुरावा नाही. सगळे पैसे खात्यावरून गेले असते तर बरं झालं असतं. आणि जाहिरातीचे फोटो मी पहिल्याच दिवशी काढून ठेवले होते म्हणून वाचले, कारण नंतर ती जाहिरात गायब झाली.

आता मशीनीचा बेड तेवढा चांगला आहे, सरळ आहे, पट्टी लावून बघितला. हेडस्टॉक भंगारात दिला, तो जोडून वापरायचा सल्ला दोघांनी दिला पण मी नाही ऐकला, पोरगी दारात येते. साळा आणि मी मिळून नवीन बेरिंग ब्लॉक, नवीन स्पिंडल आणि तांब्याची मोटर बसवून राहिलो आहे, कपाशीचे पैसे आले की पूर्ण होईल. या तान्ह्या पोळ्याला चाकं बाबांच्या वाकसानंच केली, थोडी वाकडी झाली, पण नंदी चालला.

दारव्हा, दिग्रस, नेर, पुसद या भागात कोणी जुना लेथ बघायला जाणार असेल तर आधी मला सांगा. स्पीकरचं चुंबक, स्टीलची पट्टी आणि बाभळीचा चौकोनी तुकडा मी पिशवीत भरूनच ठेवलाय. फवारणीचे दिवस सोडून कधीही सोबत येतो, गाडीभाडं माझं मी देईन.