ॲप, तबकडी की सीडी? आवडता गवई घरी आणण्याआधी

भाच्याला नोकरी लागली. पहिल्या पगारातून त्याला 'नीट गाणं ऐकायची सोय' करायची आहे. "मामा, तबकड्या वाजवायचं टर्नटेबल घेऊ की गाण्याच्या ॲपचे वर्षाचे पैसे भरून टाकू?" असं त्यानं फोनवर विचारलं. मी म्हटलं, "सीडी प्लेअर घे." पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "अजून मिळतात?"

मिळतात. पण असं का म्हणालो ते तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून हे लिहितोय. आवाजाचे आकडे, वॅट, बिटरेट यात मी शिरणार नाही. ते तुम्हाला ठाऊक असणार, आणि माझे पन्नाशी ओलांडलेले कान त्या वादात साक्षीला उभे करण्याच्या लायकीचे नाहीत. फक्त माझं ऐकणं कुठल्या वळणाचं ते आधी सांगतो. शास्त्रीय गाणं, आणि त्यात कुमार गंधर्व, किशोरीताई आमोणकर, मल्लिकार्जुन मन्सूर, भीमसेनजी जोशी. यातलं कुणी आज हयात नाही, तरी त्यांचं 'नवीन काही' येईल याची मी अजून वाट बघतो. हा निव्वळ वेडेपणा नाही. कुणाच्या तरी माळ्यावर खासगी मैफलीचं एखादं स्पूल, म्हणजे टेपचं रीळ, पडलेलं असतं, मुलं-नातवंडं आवरायला काढतात आणि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची एक रात्र अचानक बाहेर येते. आमच्यासारख्यांची दिवाळी तीच.

आधी ॲप. डोंबिवलीहून सीएसएमटीला रोज लोकलनं जाणाऱ्या माणसानं ॲपला नावं ठेवणं म्हणजे कृतघ्नपणा आहे. उभ्यानं, एका हातानं कडी धरून ठाण्यापर्यंत विलंबित (संथ लयीतलं) आणि पुढे द्रुत (जलद लयीतलं) ही चैन आमच्या वडिलांच्या पिढीला माहीत नव्हती. एखाद्या रागाचं नाव कानावर पडलं की पाच मिनिटांत चार गवयांकडून तो ऐकता येतो. शिकणाऱ्या माणसाला याहून मोठी मदत नाही. आणि आजच्या गायकांचं काही नवीन ऐकायचं असेल तर बहुतेक वेळा दुसरा मार्गच नसतो. राहुल देशपांडे घ्या किंवा कौशिकी चक्रवर्ती, त्यांचं ताजं गाणं आधी फोनवर येतं, आणि जे येतं ते खरोखर ताजं असतं. तुमचं मन तिथे रमत असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

माझं बिनसलं ते एका संध्याकाळी. कुमारजींचा जन्म 8 एप्रिल 1924 चा, त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वी शताब्दीची धामधूम होती, जागोजाग कार्यक्रम चालू होते. जेवता जेवता फोन वाजला: कुमार गंधर्व, नवा अल्बम. ताट तसंच ठेवून उठलो. बायकोला म्हटलं, नवं काहीतरी निघालंय, बहुतेक एखादी मैफल. हेडफोन लावले. तंबोरे सुरू झाले, पहिला षड्ज लागला आणि मी खाली बसलो. पंधराव्या वर्षापासून पाठ असलेली एल.पी. (मोठी तबकडी) होती ती, श्वासासकट पाठ. नवीन होतं ते चित्र. मावळता सूर्य, पाण्यात त्याचं प्रतिबिंब आणि पुढे एक सतार. त्या अख्ख्या ध्वनिमुद्रणात सतार कुठेही नाही! खाली साल छापलेलं होतं, तेही चालू वर्षाचं.

एकदा झालं असतं तर हसून सोडून दिलं असतं. नंतर सहा-सात वेळा तरी असाच फसलो. किशोरीताईंचा एकच भूप राग पाच चित्रांखाली सापडतो: एका ठिकाणी मधेच तोडलेला, एका ठिकाणी त्यातल्याच 'प्रथम सुर साधे' (विलंबित) आणि 'सहेला रे' (द्रुत) या बंदिशी दोन वेगळी 'गाणी' म्हणून, नि शफल, म्हणजे गाण्यांचा क्रम उलटसुलट करणं, चालू राहिलं तर द्रुत आधी आणि विलंबित नंतर. तबल्यावर कोण, हार्मोनिअमवर कोण, कधीचं, कुठलं, काही नाही. मी ज्या ॲपचे पैसे भरतो त्यांना पत्र लिहिलं. उत्तर आलं, छान नम्र होतं, आणि माझ्या आवडीनुसार तीन प्लेलिस्टही सुचवल्या होत्या.

तुम्ही म्हणाल, साल कळून करायचंय काय, गाणं ऐका की. पण कुमारजींच्या बाबतीत साल म्हणजे अर्धं गाणं आहे. लहानपणीच नावाजलेला गवई, मग 1947-48 च्या सुमाराचा क्षय, देवासला जाऊन राहणं, काही वर्षं गाणं पूर्ण बंद, आणि त्यानंतर परत आलेला तो तुटक, झेपावणारा, मधेच श्वास घेऊन वरच्या सुरावर अचूक उतरणारा आवाज. आजाराआधीचे कुमार आणि नंतरचे कुमार हे जवळजवळ दोन गवई आहेत. त्यात तबल्यावर वसंतराव आचरेकर असतील तर लय कशी तोलली जाते ते ऐकायला मी वेगळा कान लावून बसतो. ही माहिती पुसून टाकली की उरतो तो 'आरामदायी संध्याकाळसाठी शास्त्रीय संगीत'. लिफ्टमध्ये लावतात ते.

गंमत बघा. 1902 मध्ये कलकत्त्यात गौहर जाननं पहिल्या तबकड्या भरल्या, तेव्हा गाणं संपल्यावर ती स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायची, 'माय नेम इज गौहर जान'. मेणावरचं ते मुद्रण बोटीनं जर्मनीला जायचं, आणि तिथल्या कारागिरांना लेबलवर नाव कुणाचं लिहायचं ते कळावं, असं त्याचं कारण सांगतात. तीन मिनिटांच्या मुद्रणातले दोन-चार सेकंद ती त्यावर खर्च करायची. आज जागेला तोटा नाही आणि तबलजीचं नाव मात्र मावत नाही.

मग तबकडीच घ्यावी, नाही का? माझ्याच निकषानं बघितलं तर तबकडी जिंकायला हवी. एल.पी.च्या कव्हरची मागची बाजू म्हणजे फूटभर वाचन. राग, बंदिशीचे शब्द, साथीला कोण, शिवाय कुणा जाणकारानं लिहिलेला मजकूर. वडील दुपारी ती कव्हरं चष्मा कपाळावर सारून वाचायचे, तबकडी न लावता. किशोरीताईंची भूप आणि बागेश्रीची एल.पी. ही तर त्या आकाराची कमालच आहे. एका बाजूला एक राग, वीसेक मिनिटांत नेमका बसवलेला, फापटपसारा नाही. संपला की सुई खरखरत राहते, तुम्हाला उठावं लागतं. उठून बाजू बदलायची की आज एवढंच पुरे, हे तुम्ही ठरवता. ॲपमध्ये तेवढी उसंत मिळत नाही, भूपाचा शेवटचा सूर विरायच्या आत दुसरं काहीतरी सुरू होतं. (ते बंद करता येतं, मला माहीत आहे. मी केलंय. अपडेट आलं की ते परत चालू होतं.)

पण तबकडीचं एक आहे, ती हौस म्हणून बरी. मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात मी भरपूर उन्हं खाल्ली आहेत. कव्हर सुरेख आणि आत दुसरीच तबकडी, हा अनुभव दोनदा घेतला. चांगल्या अवस्थेतल्या कुमार-किशोरींचे भाव विक्रेत्यांना आता पक्के कळलेत. पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते, मे महिन्यात खिडकीशी राहिलेली तबकडी पापडासारखी वाकते. हेही चालवून घेतलं असतं. मुख्य अडचण अशी की मी ज्याची वाट बघतो ते माळ्यावरचं स्पूल तबकडीवर फारसं आलेलंच नाही. आपल्याकडे एल.पी.चा जमाना नव्वदीच्या सुमाराला आटोपला, आणि जुन्या मैफलींची मुद्रणं भरभरून बाहेर यायला लागली ती साधारण त्याच वेळी, कॅसेट आणि सीडीवर. पुण्यात अलूरकर म्युझिक हाऊसच्या कॅसेटी घेतलेल्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. शिवाय तासाभराचा यमन राग वीस-वीस मिनिटांत तोडायचा कसा?

म्हणून सीडी. दिसायला अगदीच सामान्य, कॅसेटची माया नाही, तबकडीचा रुबाब नाही. पण सत्तर-चौऱ्याहत्तर मिनिटं सलग मावतात, म्हणजे तोडी राग पहिल्या आलापापासून शेवटच्या तानेपर्यंत न उठता ऐकता येतो, आणि संपला की प्लेअर गप्प बसतो. नि ती उलटून बघता येते! दुकानात डबी हातात घेतली, उलटली, तारीख वाचली, साथीदार वाचले की घरी हे आहे की नाही याचा निकाल तिथेच लागतो. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे दुकान 2016 मध्ये बंद झालं, तोवर ऑफिस सुटल्यावर माझा अर्धा तास या उलटापालटीतच जायचा. पुण्याचा सवाई गंधर्व संगीत महोत्सव रमणबागेत व्हायचा तेव्हा मध्यंतरात चहाच्या रांगेपेक्षा सीडीच्या टेबलाभोवती जास्त रेटारेटी असायची. अनोळखी माणूस तुमच्या हातातली डबी पाहून "ही नका घेऊ, त्या दिवशी आवाज बसला होता, त्याआधीची घ्या" असं सांगायचा. तसला सल्ला मला अजून कुठल्या ॲपनं दिलेला नाही.

सीडीवालेही काही संत नव्हते म्हणा. जुनंच गाणं नव्या वेष्टनात विकायची विद्या कंपन्यांना तेव्हाही येत होती. फरक एवढाच की तेव्हा फसण्याआधी वाचायची सोय होती.

तोटे लपवत नाही. लॅपटॉपला आता सीडीची फट नसते, गाडीतूनही ती गेली. प्लेअर बिघडला तर दुरुस्त करणारा शोधावा लागतो. माझ्या प्लेअरची लेन्स एका टीव्ही दुरुस्तीवाल्यानं निव्वळ माझ्यावर उपकार म्हणून पुसून दिली. नवीन सीडी फारशा निघत नाहीत, म्हणजे हा रस्ता मागेच जाणारा आहे. आणि खऱ्या दुर्मीळ मैफलींच्या बाबतीत यूट्यूबवरच्या संग्राहकांना मी हात जोडतो. त्यातले काही जण गाव, साल, साथीदार सगळं नीट लिहितात, आणि चुकलं तर खाली प्रतिक्रियांमध्ये कुणीतरी आजोबा 'मी त्या मैफलीला हजर होतो, तबल्यावर अमुक नव्हते, तमुक होते' म्हणून दुरुस्ती करतात. पैसे भरून घेतलेल्या ॲपपेक्षा मला तिथे घरच्यासारखं वाटतं.

तेव्हा भाच्याला मी आता असं सांगेन. ॲप ठेव, सगळ्यात स्वस्त मिळेल ते, प्रवासासाठी आणि नवीन माणसांसाठी. टर्नटेबल घ्यायचंच असेल तर आजोबांच्या तबकड्या आधी घरी घेऊन ये. त्या पंचवीसच्या वर निघाल्या तर घे, नाहीतर थांब. आणि ज्या एका-दोन गवयांवर तुझा जीव आहे त्यांच्यापुरत्या सीडी जमव. लोक सध्या घरं आवरताना त्या रद्दीच्या भावानं काढतायत. लॅपटॉपला जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह घेऊन सगळ्या एकदा हार्ड डिस्कवर उतरवून ठेव, फाइलच्या नावात तारीख आणि तबलजी लिहून. लोकलमध्येही मग त्याच ऐक.

घेताना एकच बघायचं. डबी उघडून आतली पुस्तिका आहे का ते तपास. ती नसेल तर विक्रेता निम्म्यात देतो म्हणेल. घेऊ नकोस.