न्यू जर्सीचा नवीन बॅलट: मांडणी मस्त, राइट-इनचं मात्र बघायला हवं

सेंट्रल जर्सीत नवीन सिटिझन झालेली बरीच मराठी मंडळी आहेत त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय, मत कुणाला द्यायचं ते सगळ्यांचं ठरलेलं असतं पण कागद हातात आला की तो वाचायचा कसा इथे गाडी अडते.

आधी जुना बॅलट सांगतो, त्याशिवाय नव्याचं कौतुक कळणार नाही. प्रायमरीला, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीला, काउंटी लाइन नावाचा प्रकार होता, २१ पैकी १९ काउंट्यांमध्ये. पक्षाच्या काउंटीतल्या पुढाऱ्यांनी पाठिंबा दिलेले सगळे उमेदवार, सिनेटपासून गावच्या कौन्सिलपर्यंत, एकाच सरळ रांगेत, आणि बाकीचे कुठेतरी लांब कोपऱ्यात, मध्ये रिकामे चौकोन. आता माणूस एकदा त्या रांगेला लागला की सरळ शेवटपर्यंत जाणारच ना, कोपऱ्यातलं नाव शोधणार कोण? त्या कोपऱ्याला इथे बॅलटचा सायबेरियाच म्हणायचे. २०२४ ला अँडी किम सिनेटसाठी उभे असताना याविरुद्ध कोर्टात गेले आणि २९ मार्चला जज झाहिद कुरेशींनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ही लाइन थांबवली, मग २०२५ मध्ये कायदाच बदलला.

आता पदाचं नाव आणि त्याच चौकटीत त्या पदाचे सगळे उमेदवार, बास. जून २०२५ च्या गव्हर्नरच्या प्रायमरीत डेमोक्रॅट्सची सहा नावं अशी एकत्र होती, कुणी कोपऱ्यात नाही. मला हे मनापासून आवडलं, याला पैकीच्या पैकी मार्क.

मांडणीने एवढा काय फरक पडतो असं वाटत असेल तर २००० सालच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतलं फ्लोरिडातलं पाम बीच आठवा. वयस्कर मतदारांसाठी अक्षर मोठं करायचं म्हणून नावं समोरासमोरच्या दोन पानांवर घेतली आणि मत द्यायला पाडायची भोकं मध्ये एकाच ओळीत, त्यामुळे डावीकडे दुसरं नाव गोर यांचं पण दुसरं भोक ब्युकॅनन यांचं! ब्युकॅनन यांना त्या एका काउंटीत ३,४०७ मतं पडली आणि अख्ख्या राज्याचा निकाल ५३७ मतांनी लागला. हेतू चांगला होता हो, पण झालं ते झालं.

आता राइट-इन. छापलेल्यांपैकी कुणीच नको असेल तर रिकाम्या जागेत स्वतः नाव लिहायचं, आपल्याकडे ईव्हीएमवर ही सोयच नाही, फार तर २०१३ पासून नोटा आहे, म्हणून मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पण नियम राज्यागणिक वेगळे. हवाईत राइट-इन नाहीच, आणि अशी बंदी चालते असं सुप्रीम कोर्टाने १९९२ ला सांगितलं. कॅलिफोर्नियात काँग्रेससाठी, म्हणजे इथल्या संसदेसाठी, राइट-इन प्रायमरीत चालतं, नोव्हेंबरात नाही. आणि बऱ्याच राज्यांत त्या माणसाने आधी फॉर्म भरलेला नसेल तर तुम्ही लिहिलेलं नाव मोजतच नाहीत, मतदाराला हे कोण सांगणार?

स्पेलिंगचं तर विचारूच नका. २०१० ला अलास्कात लिसा मर्कोव्स्की प्रायमरी हरून राइट-इनवर सिनेटला निवडून आल्या, त्यासाठी नाव छापलेले रिस्टबँड वाटले होते. तरी प्रतिस्पर्ध्याने ८ हजारांवर मतांना हरकत घेतली, मतदाराच्या मनात कोण होतं ते कळतंय ना, एवढं बघून ती बहुतेक मोजली गेली आणि कोर्टानेही ते मान्य केलं. उद्या आपल्यातलं कुणी क्षीरसागर किंवा म्हैसाळकर स्कूल बोर्डाला राइट-इन उभं राहिलं तर इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहितील लोक! म्हणून कितपत चूक चालते ते तिथेच, त्या रिकाम्या ओळीशेजारी, ठळक अक्षरात छापा, एवढीच मागणी आहे.

तोपर्यंत नाव लिहिलं की शेजारचा गोलही भरा, नुसतं नाव लिहून सोडू नका. पोस्टाने पाठवणार असाल तर आतल्या पाकिटाला जोडलेलं सर्टिफिकेट फाडायचं नाही, त्यावर सही करायची आणि तसंच बाहेरच्या पाकिटात घालायचं.