सेंटरपिन रीळ: बेअरिंगचं घ्यावं की साध्या पिनेवरचं?

सेंटरपिन म्हणजे मासे पकडायच्या रॉडवरचं साधं रीळ: दोरी गुंडाळलेला ड्रम मधल्या पिनेवर थेट फिरतो, गिअर नसतात. प्रवाह फ्लोटला, म्हणजे दोरीवरच्या तरंगत्या बोयाला, ओढतो, फ्लोट दोरीला, दोरी ड्रमला, आणि ड्रमला आवर घालतो तुमचा अंगठा. म्हणून कमी पैशांत घेताना बघायचं ते एवढंच, की संथ पाण्यातही ड्रम आपणहून हलतो का.

टिचकी मारून रीळ किती वेळ फिरतं यावर मात्र जाऊ नका. जड ड्रम एकदा वेगात आला की खूप वेळ फिरतो, पण हलायलाच उशीर लावतो. तेवढ्यात फ्लोट अडखळतो आणि आमिष पाण्यात वर उचललं जातं. त्यापेक्षा रीळ उभं धरा, दोरीच्या टोकाला शिशाचे बारीक मणी एकेक करून लावत जा. कमी वजनावर हलेल ते रीळ सरस. दोन रिळांची तुलना करताना दोरी दोन्हींवर सारखीच भरलेली हवी, कारण भरलेला ड्रम हलक्या ओढीनंही फिरतो.

स्वस्तातली नवी रिळं बहुतेक बॉल बेअरिंगची असतात. ड्रम डुगडुगत नाही, काही जुळवावं लागत नाही, आणि बेअरिंग खराब झालं तर त्याच मापाचं दुसरं बसवता येतं. खोट असते ती आतल्या घट्ट ग्रीसमध्ये. माझं पहिलं रीळ मी याच कारणानं महिनाभर निकामी समजत होतो. बेअरिंग काढून पांढऱ्या पेट्रोलमध्ये धुतलं, पूर्ण वाळवलं, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दिला आणि तेच रीळ मंद धारेतही चालू लागलं. धुताना जवळपास ज्योत नको.

साध्या पिनेवरच्या रिळात स्टीलचा स्पिंडल, म्हणजे मधली पिन, थेट बुशमध्ये (धातूच्या साध्या नळीत) फिरतो. चांगलं जुळवलेलं असेल तर त्याची सुरुवात इतकी हळुवार होते की मला अजूनही तेच जास्त आवडतं. पण कमी पैशांत ते बहुधा वापरलेलंच मिळतं. इंग्लंडच्या रेडिचमधल्या यंग कंपनीची जुनी रिळं कामाची असतात. अलकॉक्स कंपनीची एरियल नावाची रिळं संग्राहकांमुळे महाग पडतात. घेण्याआधी ड्रम धरून हलवून बघा. किंचित सैलपणा चालतो, पण स्पिंडल झिजलेला किंवा ड्रमची कड वाकून घासत असेल तर सोडून द्या. दुरुस्तीत वाचलेले पैसे जातात.

दोन्हींत एक गोष्ट तपासाच: ड्रम आणि मागच्या तबकडीमधली फट. ती मोठी असली की बारीक दोरी मागे शिरून पिनेला गुंडाळते आणि नेमका मासा लागलेला असताना सगळं अडतं. ४ ते ६ पौंड ताण सोसणारं नायलॉन घेतलं तर हा त्रास कमी होतो. १०० मीटर पुरे. जास्त भरली की वरचे वेढे खालच्यांत रुततात.

साडेचार इंची ड्रमच्या एका फेऱ्यात साधारण ३५ सेंटिमीटर दोरी येते, चार इंचीत ३१. लांबून दोरी गोळा करताना हा फरक हाताला जाणवतो. रॉड १३ फुटी, हलका असला की झालं. शिकताना फ्लोट थोडा मोठा, ४ ते ६ ग्रॅम शिसं पेलणारा घ्या. लहान फ्लोटला ड्रम ओढवत नाही.

पहिलंच रीळ असेल आणि दुरुस्तीचा हात नसेल तर बेअरिंगचं घ्या. घरी आल्यावर ड्रम काढून स्पिंडल कोरड्या फडक्यानं पुसा. वाळूचा एक कणसुद्धा ड्रम अडवतो. ओलं रीळ पिशवीत बंद करून ठेवू नका.