इंकस्केप चालू पण विंडोच दिसेना: नवी पेठेतल्या या दुकानानं माझी फाइल वाचवली

आमचा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादर-टॉवेलचा छोटा कारखाना आहे आणि जॅकार्डच्या (मागावर विणून उठवायच्या नक्षीच्या) डिझाइन मी घरी लॅपटॉपवर इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढते, मग फाइल ग्राफ करणाऱ्या काकांकडे जाते आणि तिथनं पुढं कार्ड पंचिंगला, म्हणजे मागाच्या कार्डांना नक्षीप्रमाणं भोकं पाडायला. मागच्या महिन्यात सोमवारी सकाळी फाइलवर डबल क्लिक केलं तर काहीच येईना. खाली टास्कबारला चिन्ह येतंय, टास्क मॅनेजरमध्ये पण इंकस्केप चालू दिसतंय, पण स्क्रीनवर विंडोच नाही. रिस्टार्ट केलं, सॉफ्टवेअर काढून परत टाकलं (आमच्याकडं जुनं ०.९२ आहे), तरी तेच. चुलत भावाकडं पण तेच व्हर्जन आहे म्हणून त्याला फाइल पाठवली तर त्याच्याकडं पण तसंच झालं, मग मात्र मी पार घाबरले, कारण मोराच्या काठाचं आठ दिवसांचं काम त्यात होतं आणि गुरुवारी व्यापाऱ्याला सॅम्पल द्यायचं होतं.

आधी घराजवळच्या एका दुकानात गेले. नाव लिहीत नाही. त्यांनी लॅपटॉप उघडायच्या आधीच सांगितलं की फाइल करप्ट आहे, फॉरमॅट मारावा लागेल, दोन दिवस ठेवून जा. मला ते पटलं नाही, लॅपटॉप घेऊन परत आले.

नवी पेठेतल्या या दुकानाचं नाव वहिनीच्या भावानं सांगितलं. जिना चढून वर जायचं, जागा एवढीशी, दोन खुर्च्या. दादांनी लॅपटॉप हातात घ्यायच्या आधी मला नीट विचारून घेतलं, काय करता, कशी उघडता, कधीपासून. मग म्हणाले, "ताई, फाइल राहू द्या, नुसतं सॉफ्टवेअर उघडा की." उघडलं तर विंडो लगेच समोर! मग फाइल उघडायला लावली, विंडो गायब, आणि त्यांनी माउस खाली टास्कबारच्या चिन्हावर नेऊन नुसता धरला तर छोट्या चौकटीत माझा मोर अख्खा दिसला. डोळ्यात पाणी आलं खरं सांगते. "बघा, फाइल चांगली हाय. विंडो स्क्रीनच्या बाहेर जाऊन बसलीय. मधी टीव्हीला जोडला होता का?"

जोडला होता! रविवारी व्यापाऱ्याच्या शोरूममध्ये टीव्हीवर डिझाइन दाखवली, तिथंच रंग बदलून सेव्ह केली आणि केबल काढून घरी आले.

मग त्यांनी तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडून दाखवली. इंकस्केपची एसव्हीजी फाइल म्हणजे आतनं साधा मजकूरच असतो, त्यात वरच्या बाजूलाच विंडो-एक्स असं लिहिलेलं आणि पुढं आकडा उणे १९२८. विंडोजमध्ये टीव्ही लॅपटॉपच्या डाव्या हाताला लावलेला होता, त्याची रुंदी १९२० ठिपके (पिक्सेल), आणि लॅपटॉपच्या डाव्या कडेच्या पलीकडं मोजणी उणे होते, वर मॅक्सिमाइझ केलेली विंडो कडेच्या बाहेर ८ ठिपके जाते, असे १९२८. टीव्ही गेला पण आकडा फाइलमध्ये राहिला, म्हणून सॉफ्टवेअर कितीदा टाकलं तरी फरक पडेना आणि फाइलबरोबर तो आकडा भावाच्या कॉम्प्युटरवर पण गेला.

काढायची पद्धत पण त्यांनी माझ्याच हातानं करून घेतली. शिफ्ट दाबून टास्कबारच्या चिन्हावर राइट क्लिक, मेनू येतो, त्यात मूव्ह फिकं दिसत होतं कारण विंडो मॅक्सिमाइझ होती, म्हणून आधी रिस्टोर, मग परत तसंच करून मूव्ह, कीबोर्डचा एक बाण एकदा दाबायचा आणि माउस हलवला की विंडो माउसला चिकटून आत येते. मग सेटिंगमध्ये विंडोची जागा प्रत्येक फाइलसोबत जपायचा पर्याय चालू होता तो बंद केला, म्हणजे शोरूममध्ये सेव्ह केलेल्या बाकीच्या चार फाइली पण आपोआप सुटल्या. आणि केबल लावलेली असताना टीव्ही नुसता बंद केला तर विंडोजला कधी कधी तो जोडलेलाच वाटतो, तेव्हा विंडोज आणि पी दाबून फक्त लॅपटॉपची स्क्रीन निवडायची, हे पण सांगितलं. छोट्या चौकटीत पण काही दिसलं नाही तर मात्र कारण वेगळं असतं, फॉन्ट भरपूर असतील तर पहिल्यांदा उघडायला वेळ लागतो, तेवढ्यात परत परत डबल क्लिक करायचं नाही.

अर्ध्या तासाचे १५० रुपये घेतले. मी जास्त देत होते, घेतले नाहीत.

पूर्ण पाच स्टार देते, पण काही गोष्टी सांगायलाच पाहिजेत. बोर्ड लहान आहे आणि खालून दिसत नाही, मी दोन चकरा मारल्या. दुपारी दोन ते चार बंद असतं, आणि ते फोन उचलत नाहीत, मेसेज केला तर संध्याकाळी उत्तर येतं. नवी पेठेत गाडी लावायला जागा मिळत नाही, पार्क चौकात लावून चालत गेलेलं बरं. चार्जर सोबत न्या, आणि बिघाड व्हायच्या आधी काय काय जोडलं होतं ते आठवून जा, पहिला प्रश्न तोच विचारतात.