घर दुरुस्तीला काढलंय? फरशी बसायच्या आधी गरम पाण्याचं ठरवा

कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं आमचं जुनं घर पाडव्यानंतर दुरुस्तीला काढलं. न्हाणीचा गिलावा खरवडला त्याच दिवशी प्लंबरनं विचारलं, "वहिनी, कढत पाण्याची लाईन कुठनं आणायची?" मी म्हटलं, "गिझर कुठला घ्यायचा ते अजून ठरलं नाही, मग बघू." तिथंच चुकलं. गिझर पाच वर्षांनी बदलता येतो, भिंतीतली पाईप फरशी फोडल्याशिवाय बदलत नाही. आणि पाईप कुठनं येणार, किती जाड घ्यायची, वायर कसली ओढायची, हे सगळं पाणी कशावर तापणार यावरच ठरतं. आता शेजारी, पाहुणे घर काढताना मला विचारायला येतात. त्यांना जे सांगते तेच इथं मांडते.

हिशोबाला एकच माप धरू. २० लिटरची बादली, टाकीतलं पाणी २२ अंश, आंघोळीला ४० अंश. एवढ्या उष्णतेला साधारण ०.४२ युनिट वीज लागते. चार माणसांच्या घरात, इकडंतिकडं वाया जाणारं धरून, रोजचे २ युनिट.

इलेक्ट्रिक गिझरचा सरळ हिशोब हाच: महिन्याला ६० युनिटच्या आसपास. पुढं तुमच्या बिलावरचा दर घाला. १५ लिटरचा २ किलोवॉटचा गिझर वीस मिनिटांत पाणी ६० अंशांपर्यंत नेतो. त्यात विसण घातलं की दीड बादली होते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना आणि ज्यांच्या घरात दोन-तीनच माणसं आहेत त्यांना मी डोळे झाकून हाच सांगते. मात्र जुन्या घरातल्या दिव्याच्या वायरीवर तो जोडू नका. मीटरपासून वेगळी वायर, वेगळा एमसीबी (भार वाढला की पडणारा स्विच), पक्कं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच लाईन तोडणारा स्विच. भिंती उघड्या आहेत तोवर हे काम थोडक्यात होतं. टाकीची क्षमताही माणसं बघून घ्या. २५ लिटर तापवून १० वापरायचे म्हणजे उरलेली ऊब हवेत जाणार.

गॅस गिझर हिशोबाला चांगला आहे. एका बादलीला ४०-४५ ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे १४.२ किलोचा सिलिंडर चार माणसांच्या नुसत्या आंघोळीला अडीच महिने जातो. पाणी लगेच आणि हवं तेवढं. तरीही आमच्या घरात तो नको, हे मी ठाम सांगितलं. गॅस जळताना हवा पुरली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आत माणूस बेशुद्ध पडतो आणि बाहेरच्यांना पाणी पडल्याचा आवाज तेवढा येत राहतो. गिझर आणि सिलिंडर दोन्ही न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत, आणि आत फक्त पाईप, असं करायला जागा असेल तरच घ्या. "खिडकी आहे की" यावर भागवू नका, थंडीत ती खिडकी कोणीतरी लावतंच. शिवाय पाण्याला दाब नसेल तर तो पेटत नाही. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर ही तक्रार हमखास असते.

सोलरचं प्रकरण मोठं आहे, कारण कोल्हापूरचं ऊनही चांगलं आणि पाऊसही तसाच. १०० लिटरचा सोलर उन्हाच्या दिवसात ६० अंशांचं पाणी देतो. विसण घातलं की त्याच्या दहा बादल्या होतात, म्हणजे चार-पाच माणसांना भरपूर. पण जून ते सप्टेंबर, त्यातही जुलैत आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाही. तेव्हा विक्रेता म्हणतो, "टाकीतच विजेची कॉईल बसवून देतो." माझं मत विरुद्ध आहे. टाकी २०० लिटरची असेल तर ते सगळं पाणी २५ अंशांनी वाढवायला जवळजवळ ६ युनिट जातात, घरात लागतात २. त्यापेक्षा न्हाणीत छोटा गिझर आणि सोलरची लाईन बंद करायला वेगळा व्हॉल्व्ह, हे परवडतं.

सोलरला घरही जुळावं लागतं. पॅनेलचं तोंड दक्षिणेला हवं, समोर नारळाची किंवा शेजारच्या माडीची सावली नको. २०० लिटरचा संच भरला की वजन तीनशे किलोच्या घरात जातं. आमच्यासारखं कौलारू असेल तर स्टँडचा भार भिंतीवर उतरवावा लागतो, वाशांवर नाही. साध्या संचाला गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच लागते, म्हणजे टाकीचा चौथराही याच कामात. बोअरचं जड पाणी असेल तर तांब्याच्या बारीक नळ्यांत क्षार बसतात. तिथं काचेच्या नळ्यांचा संच बरा, साफ करायला सोपा.

आता पाईप. सोलरपासून न्हाणीपर्यंत १५ मीटर पाऊण इंची पाईप असेल तर तिच्यात पावणेचार लिटर पाणी उभं असतं. रोज सकाळी ते गार पाणी आधी सोडायचं, मग कढत येणार. अर्धा इंची घेतली तर दोन लिटर, पण धार बारीक. आम्ही वरून पाऊण इंची आणली, फाटा अर्धा इंची, आणि उघड्यावरच्या सगळ्या पाईपला फोमचं वेष्टण घातलं. साधी पीव्हीसी कढत पाण्याला चालत नाही. कढत पाण्यासाठीची वेगळी पीव्हीसी मिळते, सीपीव्हीसी, ती ९३ अंशांपर्यंत टिकते, आणि दोन दिवस गावाला गेलं की उन्हाळ्यात सोलरचं पाणी ८० च्या वर जातं. मिक्सर, म्हणजे गार-कढत एकत्र देणारा नळ, बसवणार असाल तर गार आणि कढत दोन्हीला दाब सारखा हवा, नाहीतर एक दुसऱ्याला मागं ढकलतं.

आमच्याकडं दाब न तपासताच फरशी बसवली. तिसऱ्या दिवशी मिक्सरच्या मागून ओल दिसली. एल्बोला, म्हणजे पाईपच्या वळणाच्या जोडाला, चिकटवायचं सोल्यूशन नीट लागलं नव्हतं. चार फरश्या फोडल्या, आणि त्याच लॉटची फरशी परत मिळाली नाही. अजून ती चौकट वेगळ्या रंगाची दिसते. तुम्ही सोल्यूशन पुरतं वाळू द्या, प्लंबरच्या हातपंपानं पाईपमध्ये दाब भरा, दाबाच्या मीटरचा काटा रात्रभर तसाच राहतो का बघा, आणि मगच फरशीवाल्याला बोलवा. भिंतीतल्या पाईपच्या झिरी बुजवायच्या आधी मोजायची टेप लावून फोटोही काढा.

राहिला बंब. दोन महिने घरात ना लाईट धड, ना पाणी. आत्यांचा परड्यातला तांब्याचा बंब तेव्हा कामाला आला. शेणी, करवंट्या आणि काढलेल्या वाशांचे तुकडे. नाळीत विस्तव धरला की पाऊण तासात पाणी कढत. वरून तांब्याभर गार ओता, तोटीतून तेवढंच कढत येतं. रंग दिलेलं लाकूड मात्र आत्यांनी घालू दिलं नाही, धुरानं डोळे चुरचुरतात म्हणून. बंद जागेत तोही पेटवू नका, धोका गॅससारखाच. रोजच्या घाईला, आठच्या शाळेला बंब जमत नाही. पण काम चालू असताना तो मोडीत घालू नका, गवंडी जाईपर्यंत तरी.

शेवटी आम्ही १०० लिटरचा सोलर आणि १५ लिटरचा गिझर घेतला. वरच्या मजल्यावर पुढं न्हाणी होईल म्हणून कढत पाण्याचा एक फाटा बूच मारून ठेवलाय. बंब परड्यातच आहे. आत्या अजून दिवाळीच्या पहाटे त्यावरच पाणी तापवतात.