रस्ट कन्व्हर्टर: सिंकखाली पास, पन्हळीत नापास

गंजावर लावायचं हे पांढरट औषध मी २६ महिन्यांपूर्वी आणलं. एक लिटरची बाटली होती, तळाशी अजून चार बोटं शिल्लक आहे. आता त्याच्याबद्दल लिहायला हरकत नाही. आणल्या दिवशीच पाच तारे देऊन मोकळे होणारे लोक पाहिले की मला गंमत वाटते. गंजाच्या औषधाला पहिल्या दिवशी कोण नापास करणार? त्या दिवशी सगळंच काळंभोर आणि देखणं दिसतं.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. टॅनिन या तुरट द्रव्यावर चालणाऱ्या या जातीच्या बाटल्यांवरच्या सूचना साधारण सारख्याच असतात. शिवाय जे बिघडलं त्यातलं निम्मं माझ्या हातून बिघडलं.

व्हॅन १९८०च्या दशकातली कॅम्पर. छत वर उचलता येतं, आत दोन शेगड्यांचा ओटा, भांडं धुण्यापुरतं सिंक आणि रात्री पलंग होणारा बाक. आधीच्या मालकाचं तिच्यावर प्रेम होतं, फक्त ते सगळं रंगाच्या डब्यातून बाहेर पडलेलं. गंज दिसला की लांबी म्हणजे पुट्टी, लांबीवर रंग. त्यामुळे घेतली तेव्हा बाहेरून नवरीसारखी होती. घरी आणून लिनोलियम उचकटलं, तर खालचं प्लायवुड भुसा होऊन हातात आलं. भाच्याने सिंकखालच्या पत्र्याला स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि शांतपणे म्हणाला, “मामा, खालचं गवत दिसतंय.”

“आधीपासून भोक होतं का?”

“नव्हतं. आत्ता झालं.”

भाच्याला वेल्डिंग येतं, पण तो सुट्टीच्या दिवशीच येऊ शकतो. मी ३० वर्षं छापखान्यात मशीन चालवलं. घासणं, पुसणं, थर वाळेपर्यंत थांबणं हे माझं काम. ठिणग्या उडायला लागल्या की मी चार पावलं मागे. अशा माणसाला या बाटलीचा मोह होणारच. पत्रा कापायचा नाही, ठिगळ लावायचं नाही, ब्रश फिरवला की गंज थांबला, असं तिच्यावर लिहिलेलं असतं. तसं अगदी शब्दशः लिहिलेलं नसतं म्हणा, पण आपण तसंच वाचतो.

औषधाचं काम सोपं आहे. त्यातलं टॅनिन गंजातल्या लोहाशी जोडलं जातं आणि निळसर काळं, पाण्यात न विरघळणारं संयुग तयार होतं. सोबत एक पॉलिमर असतं, ते वर पातळ पापुद्रा धरतं. शाईत हात बुडवून आयुष्य काढलेल्या माणसाला हे नवीन नाही. हिरड्याचा काढा आणि हिराकस एकत्र आले की काळी शाई होते, त्यातलीच ही क्रिया. (तीच शाई कालांतराने कागद खाते, हेही खरं. पण ते राहू दे.) लावल्यावर वीसेक मिनिटांत तांबूस पत्रा जांभळट आणि मग काळा होत जातो. हे बघत बसणं हा या बाटलीतला सर्वांत आनंदाचा भाग आहे, आणि फसगतही तिथूनच सुरू होते. काळा रंग एवढंच सांगतो की वरच्या थरातला गंज बदलला. खाली किती गंज आहे आणि त्याच्याखाली पत्रा शिल्लक आहे की नाही, हे तो सांगत नाही.

फॉस्फोरिक आम्लाची दुसरी जातही मिळते. ती पाण्यासारखी पातळ असल्यामुळे खाचाखोचांत जास्त शिरते, पण जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर लावली तर आधी जस्तच खाते. मी ती फक्त नटबोल्टसाठी वापरली, तेव्हा तिच्याबद्दल इतकंच.

आता तयारीबद्दल, कारण सगळा निकाल तिथे लागतो. पहिल्या आठवड्यात मी ग्राइंडरला तारेचा कप लावून जमीन घासली. तासाभरात पत्रा असा चकाकला की मीच खूश. भाच्याने नखाने खरवडलं तर चकाकीखालून तांबडी पूड निघाली. वेगात फिरणारी तार कडक गंज काढत नाही, त्याला पॉलिश करते! दिसायला धातू, असतो गंज. त्यानंतर हातातला तारेचा ब्रश, खरवडणी, जाड पॉलिश पेपर आणि मोठ्या जागेसाठी ग्राइंडरवरची जाळीदार नायलॉनची चकती, असं केलं. वेळ तिप्पट लागला. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून रंग घासताना पाणी मारून घासा आणि चांगला मास्क लावा. रुमाल म्हणजे मास्क नव्हे.

खरवडून झालं की स्वच्छ पाण्याने धुवायचं, हे मला पटत नव्हतं. गंजावर पाणी? पण गंजाच्या खड्ड्यांत मीठ बसलेलं असतं, ते हवेतली ओल ओढत राहतं आणि वर काहीही लावलं तरी खाली काम चालू ठेवतं. धुतलं, फडक्याने टिपलं, गरम हवेने पूर्ण वाळवलं, आणि मगच बाटली उघडली.

उघडल्यावर एक नियम पाळा. लागेल तेवढं औषध वाटीत काढा आणि उरलेलं परत बाटलीत ओतू नका. ब्रशवरून आलेला गंजाचा कण आत गेला की क्रिया बाटलीतच सुरू होते. माझी अर्धी बाटली अशीच घट्ट होऊन वाया जाणार होती, वेळेत लक्षात आलं. दुसरं म्हणजे हे औषध गंजासाठी आहे, धातूसाठी नाही. जिथे पत्रा खरोखर पांढरा निघाला तिथे त्याला धरायला काही नसतं. तिथे सरळ प्रायमर मारावा. तिसरं म्हणजे हा शेवटचा थर नाही. माझ्या बाटलीवर दोन हात आणि मग २४ तास थांबून तेलाधारित प्रायमर, असं लिहिलं होतं. मी ४८ तास थांबलो. छापखान्याची सवय.

सिंकखालची जमीन आधी सांगतो. भोकाभोवतीचा पत्रा ठोकल्यावर आवाज घट्ट येईपर्यंत कापून भाच्याने ठिगळ जोडलं. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या तारा काढल्या, आतला फोम आणि लाकूड लांब नेलं, पाण्याची बादली शेजारी ठेवली. ठिगळाभोवती हातभर जागेत वरवरचा गंज होता, खड्डे होते, पण पत्रा शाबूत होता. तिथे औषधाचे दोन हात, प्रायमर, रंग. दोन महिन्यांपूर्वी पाइप बदलायला सिंकखालची फळी काढली. जसं ठेवलं होतं तसंच होतं. एक ठिपका नाही. इथे पूर्ण गुण, आणि मनापासून.

चाकांवरच्या कमानींना आतल्या बाजूने पैकीच्या पैकी देता येणार नाहीत, पण त्यात बाटलीचा दोष थोडा. चाकाने उडवलेले खडे तिथे सतत आदळतात. खड्यांचा मारा सोसणारा रबरी थर वर द्यायला मी आळस केला, त्यामुळे पुढच्या कडेला तिळाएवढे तांबडे ठिपके आले. मात्र ते ठिपकेच राहिले. रंगाखालून सरकत गेले नाहीत. आधीच्या मालकाच्या लांबीखाली गंज वीतभर पसरला होता, त्या मानाने हे बरंच.

आणि मग छताची पन्हळ.

पन्हळ म्हणजे दोन पत्र्यांच्या कडा एकमेकांवर ठेवून वेल्डिंगचे टाके मारलेली जागा, वरून फट बुजवणाऱ्या सीलंटची पट्टी. पट्टीला केसाएवढी चीर गेली की पाणी दोन पत्र्यांच्या मधे जातं आणि तिथून निघत नाही. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे आत वाढणारा गंज त्या दोन पत्र्यांना पाचर ठोकल्यासारखा फाकवत राहतो. मी जुनं सीलंट खरवडलं, तोंडाशी दिसला तेवढा गंज घासला, औषध लावलं, नवीन सीलंट, वर रंग. इतकं सुबक झालं होतं की फोटो काढून भाच्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं, “मामा, आत काय केलं?” मी उत्तर दिलं नाही.

आठव्या महिन्यात रंगाखाली फुगवटा आला आणि त्यातून तपकिरी ओघळ खिडकीपर्यंत उतरला. औषध शिवणीच्या तोंडाशीच काळं पडून घट्ट झालं होतं. आतल्या गंजाला त्याचा स्पर्शही नव्हता. उलट मी बाहेर जायचा रस्ता बंद करून ओल आत कोंडली होती. मी काय केलं असेल? तेच पुन्हा केलं. या वेळी औषध जास्त, सीलंट जास्त. सहा महिन्यांनी दुसरा ओघळ, पहिल्याच्या शेजारी. तिसऱ्या वेळी भाच्याने बाटली लपवून ठेवली.

दरम्यान एक प्रयोग केला होता, तोही सांगतो. काढून टाकलेल्या जुन्या झाकणाचे तीन पट्टे पाडले. पहिल्यावर नीट घासून नुसता प्रायमर आणि रंग. दुसऱ्यावर घासून, औषध लावून, मग प्रायमर आणि रंग. तिसऱ्यावर अजिबात न घासता औषध आणि वर रंग. तिन्हींवर खिळ्याने एकेक रेघ ओढली आणि १४ महिने झाकण उघड्यावर टाकलं. पहिल्या पट्ट्यावर रेघेच्या दोन्ही बाजूंना करंगळीएवढा गंज रंगाखाली सरकला. दुसऱ्यावर तो रेघेलाच चिकटून राहिला. तिसरा पट्टा मी हाताने सोलला. रंग, औषध आणि गंज, तिन्ही मिळून एकच पापुद्रा निघाला. एका झाकणावरून शास्त्र सिद्ध होत नाही. पण त्यानंतर “घासायची गरज नाही” असं छापलेली बाटली मी हातात घेत नाही.

आणखी एका गोष्टीने मला या औषधाकडे वेगळ्या नजरेने बघायला लावलं. सगळं पाणी बाहेरून येतं असं मी धरून चाललो होतो. पण कॅम्परमध्ये माणसं झोपतात, श्वास सोडतात, चहा उकळतात. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत जातं. हे गणित भाच्याने कागदावर मांडून दाखवलं तरी मी दोनदा तपासलं. ती वाफ लाकडी फळ्यांच्या मागच्या गार पत्र्यावर जाऊन थेंब धरते. पन्हळीलाही खालून तेच पाणी पोचत होतं. म्हणजे मी वरून सीलंटवर सीलंट भरत होतो आणि रात्री आतून पाणी घालत होतो. आता छताला झडप बसवली आहे, शेगडी पेटवली की ती उघडायचीच. भिंतीच्या फळ्या खिळ्यांऐवजी स्क्रूंवर आहेत, म्हणजे वर्षातून एकदा काढून मागे डोकावता येतं. दाराखालच्या पोकळ सिलमध्ये तर ब्रश जातच नाही. तिथे हे औषध ओतायच्या भानगडीत पडू नका. निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा, आत पूर्ण वाळू द्या आणि लांब नळीने पोकळीत मारायचं मेण मारा. मेण सरकत सरकत फटीत जातं आणि मऊच राहतं. सिलच्या बाबतीत माझा मेणावर बाटलीपेक्षा जास्त भरवसा आहे. फक्त सगळं वेल्डिंग आटोपल्यावर मारा, कारण ते पेट घेतं.

मग ही बाटली घ्यावी का? घ्या, पण लहान घ्या. पूर्ण व्हॅनला मला पाऊण लिटरही लागलं नाही, आणि त्यातलं बरंचसं पन्हळीवर उधळलं. ज्या पत्र्याला स्क्रूड्रायव्हरने टोचलं तरी तो दबत नाही, जिथे दोन्ही डोळ्यांनी गंज दिसतो आणि ब्रश सरळ पोचतो, तिथे तिला दहापैकी नऊ. एक गुण वासाचा कापला. दारं उघडी ठेवूनही दिवसभर डोकं जड होतं. शिवणीत, पोकळीत आणि भोकाच्या कडेला दहापैकी दोन, तेही रंग छान येतो म्हणून. हातमोजे आणि चष्मा घाला. माझ्या एका नखावरचा काळा डाग तीन आठवडे होता, आणि घरच्यांना वाटलं मी पुन्हा छापखान्यात जायला लागलो.

पन्हळ गेल्या सुट्टीत उघडली. डाव्या बाजूची हातभर पट्टी कापून काढली, तेव्हा आतून मूठभर तांबडी पूड आणि माझ्याच औषधाच्या दोन काळ्या, गुळगुळीत चिपा पडल्या. भाच्याने त्या डॅशबोर्डवर ठेवल्या आहेत. उजवी बाजू पुढच्या सुट्टीत. बाटली अजून त्याच्याकडेच आहे.